उंच, बारीक, तरुण, काळा माणूस

मंगळवार, ७ डिसेंबर १९३७. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी जमादार दलसिंग इंग्रजी दुसरीच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. वर्गात त्या वेळी पाच मुलं भिंतीला पाठ लावून रांगेत उभी होती. प्रत्येकाने छातीशी पुठ्ठ्याचा एक तुकडा धरला होता आणि त्यावर भाईदास मास्तरांच्या वळणदार अक्षरात एकेक इंग्रजी शब्द होता: टॉल, थिन, यंग, डार्क. शेवटी भिला उभा होता, त्याच्या पुठ्ठ्यावर मॅन. बाकीचा वर्ग एका सुरात म्हणत होता, "अ टॉल, थिन, यंग, डार्क मॅन." दारात पोलीस बघून सूर तुटला. मास्तरांनी कागद उभ्या उभ्या वाचला. तो बडोद्याच्या गायकवाडी हद्दीतल्या एका ठाण्यावरून आलेला होता आणि टाइप केलेला होता. २१ नोव्हेंबर रोजी रेल्वेरुळाच्या कडेला एका इसमाचं प्रेत मिळालं. वारस न आल्यामुळे २३ तारखेला ते पुरण्यात आलं. इसमाचं वर्णन असं: अ टॉल, थिन, यंग, डार्क मॅन. हे वर्णन आपल्याकडून आलेल्या वर्णनाशी जुळत असल्याने सदर इसम आमश्या, राहणार खांडबाऱ्याजवळील डोंगरवस्ती, हाच असल्याची नोंद घेऊन तपास बंद केला आहे.

मास्तरांना पहिल्यांदा जे जाणवलं त्याची त्यांना नंतर पुष्कळ दिवस लाज वाटत राहिली. त्यांना पहिल्यांदा जाणवलं ते हे, की क्रम बरोबर आहे. आधी माप, मग बांधा, मग वय, मग रंग. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. मग त्यांच्या ध्यानात आलं की हे वाक्य त्यांचंच आहे. चार आठवड्यांपूर्वी याच खोलीत, याच टेबलावर त्यांनी ते लिहिलं होतं. ते हद्द ओलांडून गेलं, कुणाच्या तरी टेबलावर पडलं, कुणीतरी ते टाइप केलं आणि आता ते परत आलं होतं. प्रेताकडे बघून कुणी ते लिहिलं, की मास्तरांच्या कागदाकडे बघून लिहिलं, हे त्या ओळीवरून सांगता येत नव्हतं. जमादार म्हणाले, "बरं झालं ना मास्तर, पत्ता लागला. नाहीतर अशी माणसं कुठं सापडतात! तुमचं इंग्रजी कामाला आलं." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "म्हातारी बाहेर बसलीय. तिला तुम्हीच सांगा. मला तिची भाषा येत नाही." आणि ते गेले. भिलाने हात वर केला. "सर, मी चार मंगळवार झाले मॅनच हाय. आज तरी माले यंग करा ना." मुलं हसली. मास्तरांनी त्याला बस म्हणून खूण केली. बाकीचे चौघे पुठ्ठे घेऊन तसेच उभे राहिले, कारण त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

ओसरीवर हिरीबाई बसली होती. ती दर मंगळवारी बाजाराला डिंक घेऊन यायची, तो विकून झाला की शाळेच्या ओसरीवर खांबाला टेकून बसायची आणि दुपारच्या गाडीने खांडबाऱ्याला परत जायची. ९ नोव्हेंबरला ती पहिल्यांदा आली तेव्हा दिवाळी होऊन आठवडा झाला नव्हता. तिचा मुलगा आमश्या दसऱ्यानंतर रुळावर खडी टाकायच्या कामाला सोनगडच्या बाजूला गेला होता. दिवाळीला येतो म्हणाला होता, आला नव्हता. बरोबरची माणसं आली. त्यांनी सांगितलं, तो आमच्या आधीच निघाला. नवापूरच्या चौकीत जमादारांनी तिला शाळेकडे पाठवलं, कारण तिकडे गायकवाडी, तिथला कारभार गुजरातीत, इकडचा मराठीत, आणि दोघांच्या मधला कागद इंग्रजीत लागतो. शाळेचा शिपाई जेठ्या त्याच डोंगरातला. तो मध्ये बसला. हिरीबाई तिच्या बोलीत बोलायची, जेठ्या मराठीत सांगायचा, मास्तर इंग्रजीत लिहायचे. निदान तसं ठरलं होतं.

तिने सुरुवात हातापासून केली. "त्याच्या डाव्या हातावर पाच डाग आहेत, म्हणते," जेठ्या म्हणाला. मास्तर थांबले. डोंगरातल्या सगळ्याच पुरुषांच्या हातावर डाग असतात हे त्यांना माहीत होतं. जेठ्याच्या हातावरही होते. मूल आठ-दहा वर्षांचं झालं की मनगटापासून कोपराकडे पेटत्या काडीने ओळीने सात चटके देतात. ते नसले तर मेल्यावर पुढे कुणी आत घेत नाही, असं जेठ्यानेच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. "सात ना?" मास्तर म्हणाले. जेठ्याने विचारलं. हिरीबाईने मान हलवली आणि बराच वेळ बोलत राहिली. जेठ्या हसला. "पाचच म्हणते. पाचव्याला तो हात ओढून पळाला. नदीत जाऊन बसला गळ्याइतक्या पाण्यात, संध्याकाळपर्यंत. बाप काठावर काडी घेऊन उभा. म्हणून पाचवा डाग लांब आहे, ओढल्यासारखा. बाकीचे दोन राहिले ते राहिलेच." मग ती म्हणाली की तो हसायच्या आधी खोकतो. मग म्हणाली, उंबरा ओलांडताना तो थांबतो, आत कोण आहे ते बघून मग पाय टाकतो. कुत्री त्याच्यावर भुंकत नाहीत. डाव्या कानाच्या मागे ताप आला की लाल होतं. मास्तरांची लेखणी दौतीवरच होती. शेवटी त्यांनी विचारलं, "अरे, पण दिसायला कसा? उंच की ठेंगणा?" हिरीबाईने जेठ्याकडे बघितलं, जणू हे काय विचारणं झालं. मग उठून तिने खांबावर हात ठेवला, स्वतःच्या डोक्याच्या बराच वर. "उंच," मास्तर म्हणाले आणि त्यांनी लिहायला घेतलं.

डाग त्यांनी वर्णनात घातले नाहीत. त्याचं कारण त्या वेळी त्यांना अगदी साफ दिसत होतं. तिकडचा साहेब वाचेल, डाग तर सगळ्यांनाच असतात, त्यात काय, म्हणेल. शिवाय वाक्य लांबत होतं. विशेषणं तीन, फार तर चार. त्याच्या पुढे इंग्रजी वाक्य मोडतं, हे ते मुलांना दर वर्षी सांगत आले होते. पण आता, कागद हातात घेऊन ओसरीच्या दारात उभं असताना, त्यांना आणखी एक कारण दिसलं आणि ते जुनं होतं. धुळ्याच्या हायस्कुलात ते चौदा वर्षांचे असताना साहेब तपासणीला आला होता. त्याने खिडकीतून बाहेर बोट दाखवून विचारलं, ते काय आहे? तापीकाठच्या शेतकऱ्याच्या मुलाला बैल बघून धीर आला होता. तो उभा राहून म्हणाला, अ ब्लॅक बिग बुलक. साहेब हसला. साहेब हसला म्हणून हेडमास्तर हसले, मग वर्ग. काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही. बैल काळाही होता आणि मोठाही होता. काय चुकलं ते कळायला त्यांना दोन वर्षं लागली. एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात तळटिपेत ते सापडलं, तेव्हा त्यांना देव सापडल्यासारखं झालं होतं. प्रत्येक शब्दाला रांगेत जागा आहे. ती जागा माहीत असली की कुणी हसू शकत नाही. मास्तर झाल्यावर त्यांनी पुठ्ठे कापले, मुलांना रांगेत उभं केलं. त्यांची मुलं मॅट्रिकला कशातही नापास होत, यात होत नसत. तपासनीसांनी शेरापुस्तकात तसं लिहिलंही होतं.

आणि वडील. सारंगखेड्याच्या जत्रेत बैल घेताना वडील रंग कधीच बघत नसत. ते आधी खूर बघत. मग बैलाला चालवून त्याचा मागचा पाय कुठे पडतो ते बघत. मग डोळ्यांपुढे हात नेत. घरी येऊन आई विचारायची, "कोनता रंगना शे?" तेव्हा त्यांना आठवावं लागे. एकदा त्यांना आठवलंच नाही, गोठ्यात जाऊन बघून यावं लागलं. त्या गोष्टीवर घरात किती दिवस हसत होते. हे हसणं आणि साहेबाचं हसणं, दोन्ही मास्तरांच्या कानात एकदम आलं आणि त्यांनी कागदाची घडी घातली.

हिरीबाईने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारची वाट बघणं होतं, पण ते मास्तरांसाठी नव्हतं. मास्तरांना कळत होतं ते कशासाठी होतं, आणि ते कळणंच आता असह्य होतं. वर्णन लिहून दिल्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांनी विशेषणांचा धडा घेतला होता. उदाहरण शोधताना त्यांना स्वतःचंच वाक्य आठवलं. चांगलं वाक्य होतं, चारही शब्द जागेवर. त्यांनी पुठ्ठे केले. मुलं ओरडू लागली, अ टॉल, थिन, यंग, डार्क मॅन. हिरीबाई तेव्हा ओसरीवर पत्राचं उत्तर आलं का ते विचारायला बसली होती. तिने जेठ्याला विचारलं, पोरं काय म्हणतात? जेठ्याने घंटेची दोरी गुंडाळत सांगितलं, तुझ्या पोराला हाका मारतायत. जेठ्याने ही गोष्ट मास्तरांना मागाहून सांगितली ती गंमत म्हणून. पण त्यानंतर हिरीबाई दर मंगळवारी त्याच वेळेला येऊ लागली. डिंक विकला गेला नाही तर पाटी तशीच डोक्यावर घेऊन यायची. मुलांनी म्हणून झालं की ती उठायची. एका मंगळवारी मास्तरांनी नामांचा धडा काढला तेव्हा जेठ्या दारातून डोकावला. "सर, ती म्हणते आज हाका का मारत नाहीत?" मास्तरांनी पुस्तक मिटून पुन्हा रांग लावली. आता ते मनात मोजत होते. २३ नोव्हेंबर. तोही मंगळवारच. त्या दिवशी तिकडे कुणाला तरी पुरत होते आणि इकडे तेवीस मुलं हाका मारत होती.

"जेठ्या," ते म्हणाले, "तिला सांग, एक माणूस मिळाला आहे." शब्द त्यांनी मराठीत शोधून ठेवले होते तरी ते पाठ केल्यासारखे आले. जेठ्याने त्यांच्याकडे बघितलं, हातातल्या कागदाकडे बघितलं आणि तो ओसरीवर बसला. तो बराच वेळ हळू बोलला. हिरीबाईने मध्येच एकदा पाटीवरचं फडकं नीट केलं. मग तिने एकच गोष्ट विचारली. जेठ्याने मान वर केली. "विचारते, किती डाग होते?" मास्तर म्हणाले, "ते लिहिलेलं नाही." जेठ्याने सांगितलं. ती पुन्हा तेच बोलली. "म्हणते, हातावर असतं ना. बघायला वेळ किती लागतो?" वर्गातून टॉलचा पुठ्ठा धरलेल्या मुलाचा आवाज आला, "सर, आम्ही बसू का?" पुठ्ठेवाले चौघे अजून उभेच होते.

नंतर जेठ्याने त्यांना एकट्याला गाठून सांगितलं. दिवस करायचे की नाही, हे आता तिला ठरवावं लागणार. "दिवस केले, ढोल वाजवला, आणि मग तो आला, तर त्याला उंबऱ्याच्या आत घेता येत नाही, सर. जिवंत असला तरी नाही. आमच्यात तसं आहे. आणि केले नाहीत आणि तो गेलेला असला, तर तो बाहेरच फिरत राहतो. तिची झोपडी कडेला आहे. तिला रोज ऐकू येणार." तो खाली बघून म्हणाला, "पाच डाग लिहिले असते तर सुटलं असतं. मी म्हणालो होतो तुम्हाला." तो म्हणाला होता. मास्तरांना ते आठवत होतं. "अरे, सगळ्यांनाच असतात," असं त्यांनी उत्तर दिलं होतं, आणि जेठ्याने आपला सदऱ्याचा हात खाली ओढून घेतला होता. तो हात खाली ओढणं त्यांना आता फार सावकाश दिसत राहिलं.

दिवेलागणीला घरी मास्तरांच्या पत्नीने, सिंधुबाईंनी, पाट मांडला. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. "जेवाले चला. भाकर थंडी हुई ऱ्हायनी." ते उठले नाहीत. बाजारातून बातमी घरापर्यंत आलेली होतीच. सिंधुबाई म्हणाल्या, "ती माय आज परत गई का? तिले पानी तरी इचारं का कोनी?" मास्तरांना आठवेना. त्यांनी जेठ्याला सांगितलं असेल, नसेल. सिंधुबाई वाढता वाढता थांबल्या. त्यांच्या बोलण्यात थट्टा होती, पण पुरती नव्हती. "मी हारपनू तं काय लिखशात हो तुम्ही?" मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. अठरा वर्षं हा चेहरा समोर होता. त्यांच्या मनात रांग लागू लागली: मध्यम, बांधा बेताचा, वय चौतीस, वर्ण गव्हाळ. एवढ्या खुणांवर बाजारातल्या निम्म्या बायका धरून आणता आल्या असत्या. त्यांनी रांग मोडायचा प्रयत्न केला. ही चूल फुंकताना डोळे मिटत नाही. ही दारावर कुणी आलं की आधी हात पुसते आणि मग उठते. सासरी आल्यावर पहिली दोन वर्षं ही पायऱ्या मोजत उतरायची, कारण माहेरी पायऱ्या नव्हत्या. हे सगळं त्यांना माहीत होतं. कुठे लिहायचं ते माहीत नव्हतं. "काय उनं मनमां?" सिंधुबाईंनी विचारलं. "काही नाही," मास्तर म्हणाले. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "मी काही हारपत नही. जेवा."

८ डिसेंबरला, बुधवारी, मास्तरांनी दुसरं पत्र लिहिलं. ते त्यांनी चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन खेपांना वाक्य आपोआप सरळ होत होतं. हात आपणहून मापाकडे जात होता. चौथ्या खेपेला त्यांनी हिरीबाई ज्या क्रमाने बोलली त्या क्रमाने लिहिलं: डाव्या हातावर पाच डाग, सात नव्हेत; पाचवा लांबट. हसण्याआधी खोकतो, हेही लिहिलं आणि मग खोडलं, कारण प्रेताच्या बाबतीत त्याचा उपयोग नव्हता. खोडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की ते प्रेत आमश्याचं नसलं तर याच खुणेचा उपयोग होता. त्यांनी ते पुन्हा लिहिलं. पत्र जमादारांकडे नेलं. "मास्तर, फाइल बंद झाली ना," दलसिंग म्हणाले. "आणि हे काय, खोकतो, उंबऱ्यावर थांबतो? साहेब हसेल की." "हसू द्या," मास्तर म्हणाले. जमादारांनी खांदे उडवले आणि पत्रावर शिक्का मारला.

१४ डिसेंबरला हिरीबाई आली, २१ लाही आली. तिने दिवस केलेले नव्हते, केस तसेच होते, हातातल्या कथलाच्या बांगड्या तशाच होत्या. दोन्ही मंगळवारी मास्तरांनी क्रियापदं शिकवली आणि दोन्ही मंगळवारी जेठ्या दारात येऊन उभा राहिला. रांग लावायची म्हणजे मुलांकडून तो आहे असं म्हणवून घ्यायचं. न लावायची म्हणजे तो गेला असं आपणच ठरवायचं. या दोन्हींपैकी एकाचंही प्रमाण मास्तरांपाशी नव्हतं, आणि ज्याचं प्रमाण नाही ते वर्गात बोलायचं नाही, असं ते सतरा वर्षं पाळत आले होते. हिरीबाई तेवढा वेळ बसून राहायची आणि गाडीच्या वेळेला उठून जायची. दुसऱ्या खेपेला तिची पाटी रिकामी होती. ती बाजाराला आलेलीच नव्हती.

नाताळच्या सुट्टीनंतर, ४ जानेवारी १९३८ रोजी, उत्तर आलं. ते तीन ओळींचं होतं. प्रेताच्या डाव्या हातावर डाग होते असं पुरणाऱ्या माणसाने सांगितलं आहे. संख्या नोंदलेली नाही. सदर माणूस कामावरून गेला असून त्याचा सध्याचा ठावठिकाणा माहीत नाही. मास्तरांनी ते जेठ्याला वाचून दाखवलं, जेठ्याने हिरीबाईला सांगितलं. तिने आपल्या डाव्या हाताची बोटं पसरून बघितली, मग मिटली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिसरं पत्र पाठवलं. त्यात त्या पुरणाऱ्या माणसाचं नाव मागितलं होतं आणि जागा उकरून बघण्याची परवानगी मागितली होती. खाली सहीऐवजी हिरीबाईचा अंगठा होता.

१ फेब्रुवारीला मंगळवार होता. अकरा वाजता हिरीबाई खांबाला टेकून बसली. मास्तरांनी कपाटातून पुठ्ठे काढले. सगळ्यात वरचा नवा होता. तो त्यांनी आदल्या दिवशी कापला होता आणि त्यावर इंग्रजीत पाच डाग एवढंच लिहिलं होतं. तो त्यांनी भिलाच्या हातात दिला. भिला सवयीने शेवटी जाऊन उभा राहायला निघाला. "पुढे," मास्तर म्हणाले. "सगळ्यांच्या पुढे?" "हो." रांगेतल्या टॉलने मागे सरकून जागा दिली आणि तोंड वेंगाडून म्हणाला, "सर, हाई चुकनं ना?" मास्तर म्हणाले, "इंग्रजीत चूक आहे. परीक्षेत असं लिहू नका." मग त्यांनी पट्टी टेबलावर टेकवली. अकरा वाजून दहा मिनिटांनी वर्ग एका सुरात नवी ओळ म्हणाला, पाच डाग सगळ्यात आधी. ओसरीवरून जेठ्याचा आवाज ऐकू आला, तो तिला काहीतरी समजावून सांगत होता, आणि मध्येच तिचा, एकच शब्द, प्रश्नासारखा: पाच?

त्या दिवशी दुपारच्या डाकेपर्यंत तिसऱ्या पत्राचं उत्तर आलेलं नव्हतं. हिरीबाईच्या घरी दिवस केलेले नाहीत.